एअरगनला स्कोप: डिजिटल घ्यायचा की काचेचा? पैसे मोजण्याआधी हे वाचा

एअरगन घेतली की महिन्या-दोन महिन्यांत स्कोपचा विषय निघतोच. पूर्वी त्यात फार डोकं चालवावं लागत नव्हतं. दुकानदार जो काढून दाखवेल तो चार पटीचा काचेचा स्कोप बसवायचा आणि मोकळं व्हायचं. आता त्याच्या शेजारी डिजिटल स्कोप येऊन बसला आहे. अंधारात दिसतं, व्हिडिओ निघतो, नेम कुठे धरायचा तेही स्कोपच सांगतो, असा त्याचा बोलबाला आहे. किंमत मात्र पुष्कळदा खुद्द बंदुकीपेक्षा जास्त.

मग एवढे पैसे टाकून नेम सुधारतो का? थोडक्यात उत्तर असं: दिवसाउजेडी कागदी टार्गेटवर नेम मारणाऱ्याला एअरगनसाठी बनवलेला चांगला काचेचा स्कोप पुरतो, आणि बऱ्याच बाबतींत तो सरसही ठरतो. डिजिटलचा सर्वांत मोठा फायदा रात्रीचा आहे; पण परदेशात लोक रात्री ज्या कामासाठी तो घेतात, ते काम आपल्याकडे तुरुंगात नेऊ शकतं. आणि घरातल्या मुलाला किंवा मुलीला स्पर्धेत उतरवायचं असेल, तर दोन्ही स्कोप नकोत. हे कसं, ते एकेक करून पाहू.

आधी बंदूक कायद्यात बसते का?

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमीपेक्षा (०.१७७ इंच) मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागतो. त्या मर्यादेतल्या एअरगनला परवाना लागत नाही. हे नियम केंद्राचे आहेत. त्यामुळे बेळगाव असो, पणजी असो, इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद असो, मर्यादा एकच. सीमाभागात सकाळी एका राज्यात आणि दुपारी दुसऱ्या राज्यात अशी ये-जा रोजचीच असते. एअरगन बरोबर असेल तर ती रिकामी करून, कव्हरमध्ये बंद करून न्यावी आणि नळीचं माप लिहिलेलं बिल जवळ ठेवावं. नाक्यावर हुज्जत घालण्यापेक्षा बिल दाखवणं सोपं.

परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे, असं नव्हे. या मर्यादेतला छर्राही डोळा कायमचा घालवू शकतो. स्कोप कुठलाही लावा, टार्गेटच्या मागे छर्रा अडवणारी भक्कम आड हवीच.

दोन्ही स्कोप आतून कसे असतात

काचेचा स्कोप म्हणजे नळीत बसवलेल्या भिंगांची रांग. पुढच्या भिंगातून आलेला उजेड आतली भिंगं सरळ आणि मोठा करून डोळ्यापर्यंत पोचवतात. मधे कुठेतरी नेमाची फुली असते. वरचं आणि बाजूचं बटण फिरवलं की फुलीची जागा सरकते. याला सेल लागत नाही आणि तो सुरूही करावा लागत नाही. त्यावर ३-९×४० असं लिहिलेलं असेल, तर तीन ते नऊ पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४० मिमीचं आहे, एवढाच अर्थ.

डिजिटल स्कोप म्हणजे खरं तर बंदुकीवर बसवलेला व्हिडिओ कॅमेरा. पुढच्या भिंगातून आलेला उजेड सेन्सरवर पडतो, आतली चिप त्याचं चित्र करते आणि ते चित्र डोळ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर उमटतं. नेमाची फुली ही त्या चित्रावर आखलेली रेघ असते. आपण टार्गेट पाहत नसतो, टार्गेटचं चित्र पाहत असतो. पुढच्या बहुतेक फरकांचं मूळ इथेच आहे.

डोळा हलला की नेम हलतो

काचेच्या स्कोपमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पॅरॅलॅक्स. बंदूक अजिबात न हलवता डोळा थोडा डावी-उजवीकडे केला आणि फुली टार्गेटवर सरकताना दिसली, तर तो पॅरॅलॅक्सचा दोष. स्कोप ज्या अंतरासाठी जुळवलेला असतो तिथे हा दोष नसतो. त्या अंतरापासून दूर गेलं की वाढतो.

मोठ्या रायफलींसाठीचे पुष्कळ स्कोप १०० यार्डांना, म्हणजे सुमारे ९१ मीटरला जुळवलेले असतात. एअरगन चालते १० ते ५० मीटरमध्ये. ४० मिमी भिंगाचा असा स्कोप १० मीटरवर वापरला, तर डोळा पार कडेला गेल्यास नेमात गणिताने १८ मिमीपर्यंत चूक येऊ शकते. रोजच्या सरावात डोळा इतका कडेला जात नाही. पण पाच-सात मिमीची चूक सहज होते, आणि दोष मात्र छर्ऱ्याला किंवा बंदुकीला दिला जातो. म्हणूनच एअरगनसाठी घेताना पुढच्या भिंगाभोवतीचं कडं किंवा बाजूचं चाक फिरवून १० मीटरपर्यंत जुळवता येणारा स्कोप घ्यावा. त्या कड्यावर अंतराचे आकडे कोरलेले असतात, दुकानातच वाचता येतात.

इथे डिजिटलचा एक खरा गुण आहे. फुली चित्रावरच आखलेली असल्यामुळे डोळा हलला तरी ती चित्रावरून सरकत नाही. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून फोकस करावा लागतो, पण पॅरॅलॅक्सचा घोळ राहत नाही. ज्यांचा गाल प्रत्येक वेळी दस्त्यावर त्याच जागी बसत नाही, अशा नवख्यांना याचा उपयोग होतो.

स्प्रिंगचा दुहेरी झटका

आपल्याकडे परवान्याशिवाय मिळणाऱ्या एअरगन बहुतांशी स्प्रिंगच्या. नळी मोडून किंवा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची, घोडा ओढला की दट्ट्या सुटतो आणि समोरची हवा दाबून छर्रा ढकलतो. दट्ट्या पुढे निघतो तेव्हा बंदूक मागे येते. तो टोकाला जाऊन थांबतो तेव्हा बंदूक झटक्यात पुढे जाते. दोन उलट दिशांचे धक्के, तेही एका क्षणात.

दारूच्या बंदुकीचा धक्का मुख्यतः मागेच येतो. त्यासाठी बनवलेला महागडा स्कोपही स्प्रिंगच्या एअरगनवर खिळखिळा होऊ शकतो, कारण त्याची भिंगं पुढच्या दिशेच्या झटक्यासाठी आवळलेली नसतात. लक्षणं ठरलेली: काल जुळवलेला नेम आज दुसरीकडे, फुली तिरकी, हलवल्यावर आतून खुळखुळ आवाज. त्यामुळे खोक्यावर एअरगनसाठी किंवा स्प्रिंग एअरगनसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

डिजिटलमध्ये फुलीची काच नसते, म्हणून काही दुकानदार सांगतात की त्याला धक्क्याचं काही नाही. ते अर्धंच खरं. सेल ज्या स्प्रिंगच्या पट्टीवर टेकलेला असतो ती झटक्याने क्षणभर सुटली तर स्कोप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सेन्सरची पाटी, जोडणीच्या तारा, स्क्रू यांनाही तो दुहेरी धक्का बसतोच. तेव्हा माहितीपत्रकात स्प्रिंग एअरगनचा उल्लेख आहे का, ते डिजिटलच्या बाबतीतही पाहावं. हवा आधीच भरून ठेवलेल्या पीसीपी एअरगनला झटका जवळपास नसतो, तिथे ही काळजी उरत नाही.

बसवण्याच्या खाचेचाही प्रश्न आहे. बहुतेक एअरगनवर ११ मिमीची खाच असते. बरेच डिजिटल स्कोप रुंद पिकॅटिनी पट्टीसाठी बनवलेले असतात, ते थेट बसत नाहीत. जोडपट्टी लावावी लागते, आणि त्याने स्कोप नळीपासून आणखी उंच जातो. स्प्रिंगच्या बंदुकीवर स्कोप हळूहळू मागे सरकतो, म्हणून मागे अडवणारी खिळी असलेली क्लॅम्पच घ्यावी.

४के लिहिलंय, पण दिसतं किती?

डिजिटल स्कोपच्या जाहिरातीत ४के हा शब्द मोठा असतो. तो बहुतेकदा सेन्सरबद्दल असतो, डोळ्यासमोरच्या पडद्याबद्दल नाही. एटीएन कंपनीच्या एक्स-साईट ४के प्रो या स्कोपमध्ये सेन्सर ३८६४×२२१८ ठिपक्यांचा आहे, पण पडदा १२८०×७२० चा. यात लबाडी नाही, दोन्ही आकडे कंपनीच देते. घेणारा मात्र पहिलाच आकडा वाचतो.

याचा अर्थ हिशेबाने पाहू. स्कोपमधून आडवं सहा अंशांचं दृश्य दिसतं असं धरलं, तर ५० मीटरवर ते सुमारे सव्वापाच मीटर रुंद असतं. ते १२८० ठिपक्यांत मावलं तर एका ठिपक्यात चार मिमी आले. ४.५ मिमीच्या छर्ऱ्याचं भोक म्हणजे जेमतेम एक ठिपका. झूम केलं की ४के सेन्सरचे जास्तीचे ठिपके कामी येतात आणि तीन पटीपर्यंत चित्र खरोखर सुधारतं. त्यापुढचं झूम म्हणजे तेच ठिपके मोठे करून दाखवणं.

दुसरीकडे, चांगल्या नजरेचा माणूस दहा पटीच्या स्वच्छ काचेच्या स्कोपमधून ५० मीटरवरचा दीड मिमीपर्यंतचा तपशील ओळखू शकतो. म्हणजे दिवसा कागदावरचं भोक शोधायला काच पुढे आहे. कडक ऊन, झाडाची गर्द सावली, पांढरा कागद, हे सगळं एकाच दृश्यात असलं की कॅमेऱ्याचा एक भाग फटफटीत पांढरा किंवा एक भाग काळा पडतो. डोळा ते सहज सांभाळून घेतो. डिजिटलमध्ये चित्र पडद्यावर पोचायला किंचित उशीरही लागतो. थांबलेल्या टार्गेटवर त्याने बिघडत नाही, पण हात थरथरत असताना तो जाणवतो.

चाळिशी लागलेल्यांचा प्रश्न वेगळा. उघड्या साईटवर मागची खाच, पुढचा दाणा आणि टार्गेट हे तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. स्कोपने ती अडचण जाते, पण त्यासाठी डिजिटलच हवा असं नाही. दोन्हींत डोळ्याजवळचं कडं फिरवून नंबरानुसार जुळवता येतं.

छर्ऱ्याची वाट वाकडी असते

छर्रा हलका आणि संथ. ८.४ ग्रेनचा (सुमारे ०.५४ ग्रॅम) छर्रा सेकंदाला २४४ मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा साधारण १६ ज्यूल होते. नळीपासून साडेचार सेंमी उंच स्कोप लावून ३० मीटरला नेम जुळवला, तर हिशेबाने १० मीटरवर छर्रा सुमारे एक सेंमी खाली लागतो आणि ५० मीटरवर आठ-नऊ सेंमी खाली. स्कोप आणखी दोन सेंमी उंच गेला, तर १० मीटरवरचा फरक एकाचा जवळजवळ अडीच सेंमी होतो. जोडपट्टी लावून उंच बसवलेला डिजिटल स्कोप जवळच्या टार्गेटवर खाली मारतो, त्याचं कारण हे.

डिजिटल स्कोपमधलं गणकयंत्र हा फरक भरून काढतं. छर्ऱ्याचं वजन, वेग, स्कोपची उंची आणि टार्गेटचं अंतर दिलं की फुली आपोआप वर-खाली होते. काहींत अंतर मोजणारा लेझरही असतो. सोय चांगली आहे, पण यंत्राला दिलेला वेग चुकीचा असेल तर उत्तरही चुकीचं येणार. खोक्यावर छापलेला वेग पुष्कळदा फार हलक्या छर्ऱ्याचा असतो. वेगमापक नसेल तर १०, २०, ३० आणि ४० मीटरवर पाच-पाच छर्रे मारून कागदावरच फरक मोजावा आणि वहीत लिहून ठेवावा. ही वही झाली की काचेच्या स्कोपच्या फुलीवरच्या ठिपक्यांनीही तेच काम होतं.

रात्रीचा फायदा आणि रात्रीचा गुन्हा

डिजिटल सेन्सरला डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड दिसतो. स्कोपवर ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा दिवा लावला की मिट्ट काळोखातही चित्र दिसतं. ८५० चा दिवा लांबवर पोचतो, पण जवळून मंद लाल दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण पोचही कमी. ब्रिटनमध्ये शेतावरच्या कोठारांत आणि गोठ्यांत उंदीर-घुशी मारायला एअरगनवर असे स्कोप सर्रास वापरतात. जाहिरातींतले आणि मोबाईलवर फिरणारे बरेचसे व्हिडिओ तिथलेच असतात.

ते पाहून आपल्याकडे कुणी ससा, मोर, तितर किंवा रानडुकरावर रात्री एअरगन रोखली, तर तो वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली शिकारीचा गुन्हा आहे. शिकारीच्या व्याख्येत मारणं, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. छर्रा लागला नाही, ही सबब चालत नाही. स्कोपच्या कार्डावरचा व्हिडिओ हा तर हातानेच तयार केलेला पुरावा.

चंदगड, खानापूर, सत्तरी, दोडामार्ग या पट्ट्यात रानडुकरं उभं पीक लोळवतात आणि शेतकरी रात्र-रात्र जागतो, हे दुखणं खरं आहे. त्यावर कायद्यातली वाट कलम ११ ची: मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. एअरगन हा मात्र त्यावरचा उपाय नाही. २० ज्यूलचा छर्रा रानडुकराला मारत नाही, जखमी करून सोडतो. ते जनावर पुढे कुणाच्या अंगावर येईल, सांगता येत नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारने पक्षी-प्राणी वाचवण्यासाठी लोकांना एअरगन स्वेच्छेने जमा करायला सांगणारी मोहीम काढली आणि गावोगावच्या लोकांनी बंदुका आणून दिल्या. एअरगन रानात किती नुकसान करते, हे त्यावरून कळावं.

शिकार वजा केली तर डिजिटलच्या रात्रीच्या फायद्यातलं उरतं काय? अंगणात दिवा लावून कागदी टार्गेट मारता येतं, आणि दिवा लावला की काचेच्या स्कोपमधूनही दिसतं.

स्पर्धा खेळायची तर स्कोपच नको

ही गोष्ट पालकांनी आधी समजून घ्यावी. आंतरराष्ट्रीय नियमांच्या १० मीटर एअर रायफल प्रकारात दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साईट आणि पुढे गोल कडं, एवढंच असतं. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिमीचा. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राचं सुवर्ण, २०१२ मध्ये लंडनला हैदराबादच्या गगन नारंगचं कांस्य आणि २०२२ मध्ये कैरोत रुद्रांक्ष पाटीलचं विश्वविजेतेपद, ही सगळी याच साईटवरची कमाई. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य घेऊन आला, तोही दुर्बिणीविनाच.

देशातल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर ग. वा. मावळंकर यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा लागते. लोकसभेचे हे पहिले सभापती बडोद्यात जन्मलेले मराठी गृहस्थ, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच. त्या वाटेवर जायचं असेल तर स्कोपचे पैसे चांगल्या छर्ऱ्यांवर, प्रशिक्षकाच्या फीवर आणि नियमात बसणाऱ्या जाकिटावर घालावेत.

स्कोप चालणारा एक प्रकार म्हणजे फील्ड टार्गेट. त्याचं माहेर ब्रिटन. तिथे साधारण ७ ते ५० मीटरवरची लोखंडी टार्गेट पाडायची असतात. नेमबाज काचेच्या मोठ्या पटीच्या स्कोपचं फोकसचं चाक फिरवून अंतर ओळखतात. लेझरने अंतर मोजायला तिथे बंदी आहे. म्हणजे डिजिटलची मुख्य सोय तिथेही वजा.

डिजिटल कुणाला उपयोगी?

तरीही डिजिटल निव्वळ हौस आहे असं म्हणणं अन्याय होईल. शिकवणाऱ्याला त्याचा मोठा उपयोग आहे. घोडा ओढताना मुलाची फुली कुठे होती, ती कुठे ओढली गेली, हे व्हिडिओत दिसतं. काही स्कोपचं चित्र मोबाईलवर थेट येतं, म्हणजे शेजारी उभं राहून चूक सांगता येते. मान वाकवायला त्रास असलेल्या किंवा एका डोळ्याने बारीक पाहणं न जमणाऱ्या माणसालाही मोबाईलवर चित्र पाहून नेम धरता येतो. चार जणांत मिळून एक स्कोप शिकवण्यासाठी घेतला तर खर्च परवडतो.

पावसाळा, ऊन आणि बुरशी

कोकण-गोव्याच्या दमट हवेत आणि बेळगावच्या पावसाळ्यात काचेच्या स्कोपचा शत्रू बुरशी. कव्हरमध्ये ओला ठेवला तर भिंगावर जाळी धरते आणि आतली जाळी घरी निघत नाही. नायट्रोजन भरून बंद केलेला स्कोप घ्यावा, वापरल्यावर पुसून डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. काच शर्टाच्या टोकाने पुसू नये. आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवावी, मग भिंगाचा कपडा.

डिजिटलला हे सगळं आहेच, वर बॅटरी. बऱ्याच स्कोपमध्ये १८६५० मापाचा लिथियमचा सेल असतो. तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, आणि महिनोन्‌महिने वापर नसेल तर काढून ठेवावा. सूर्याकडे कुठलाच स्कोप रोखू नये: काचेच्या स्कोपने डोळा जातो, डिजिटलने सेन्सर.

दुकानात काय तपासायचं

स्कोप स्प्रिंग एअरगनसाठी आहे असं लेखी आहे का, ते पाहावं. काचेचा असेल तर १० मीटरपर्यंत जुळतो का, डोळा हलवून फुली सरकते का, ते दाराबाहेर १० मीटरवरच्या पाटीवर पाहावं. डिजिटल असेल तर पडद्याचे ठिपके किती ते विचारावं, आणि तो दुकानाच्या आत नव्हे, भर दुपारी उन्हात बघावा. क्लॅम्प आपल्या बंदुकीच्या खाचेत बसते का, तेही बंदूक नेऊनच ठरवावं. परदेशी मालाला पक्कं बिल आणि दुरुस्तीची सोय नसेल तर स्वस्तातला सौदा महागात पडतो, कारण बिघडलेला डिजिटल स्कोप गावातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नीट होत नाही.

आणि काहीच घेण्याआधी एक सोपी परीक्षा. बंदूक टेकवून, आहे त्याच साईटवर १० मीटरवर दहा छर्रे मारावेत. मग छर्ऱ्यांची जात बदलून पुन्हा दहा. भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात नसतील, तर खोट छर्ऱ्यात, बंदुकीत किंवा हातात आहे. ती स्कोपने जात नाही. फक्त मोठी होऊन दिसते.